कुडातली खुंटी

बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली जाई. राग जितका मोठा तितका आवाज बारीक. म्हणजे बोलणी खायलासुद्धा आपणच जवळ जायचं. आमच्या हैदराबादच्या लॅबमध्ये बाई कुजबुजायला लागल्या की भलीभली शिकलेली पोरं हातातलं काम ठेवून उभी राहत.

मी तिथे काचेची भांडी धुते. नववीत शाळा सुटली, मग वीटभट्टी, मग कुणाच्या तरी ओळखीने इथे. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "कुठली गं तू?"

"जव्हार."

"जव्हार माझं. बाजारपेठेत वाढले मी. तुझं बोलणं बाजारातलं नाही. गाव सांग."

"वांगणी," मी खाली बघून म्हटलं. आम्ही बाहेर पडलो की हे नाव गिळतो. वावर-वांगणी म्हटलं की माहीतगार माणसाला उपासमारीनं गेलेली पोरंच आठवतात, आणि मग तो आमची मनगटं किती बारीक ते बघायला लागतो.

बाईंचा आवाज एकदम खाली गेला. "ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही, आणि मान खाली तू घालतेस? परत माझ्याशी खोटं बोललीस तर बघ."

आमच्याकडे माणसाच्या अंगातली प्रोटीनं बाटलीत वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतात आणि नवी औषधं तपासून बघणाऱ्या संशोधकांना पाठवतात. बाईंकडची प्रोटीनं पेशीच्या तेलकट पडद्याच्या भिंतीत आरपार बसणारी. मला ते कळेना. त्या म्हणाल्या, "घराला कारवीच्या काड्यांचा लिंपलेला कूड आहे ना तुमच्या? त्यात खुंटी असते. एक टोक बाहेर, एक घरात, मधलं अंग लिंपणात. तसं हे."

"मग ओढायची आणि काढायची."

"ओढ की! पण ह्या खुंटीचं मधलं अंग तेलकट भिंतीत राहिलेलं. उघडं पडलं की खुंट्या वाकड्या होतात, एकमेकींना चिकटून गोळा होतो. म्हणून साबण. तो तिच्या कमरेला लिंपणासारखा बसतो."

मला हसूच फुटलं. "मी सकाळपासून साबणाचा थेंब राहू नये म्हणून भांडी खळखळवतेय, आणि तुम्ही साबणातच ठेवता?"

"तो साबण माझा. तुझा भांड्यात राहिला तर तुलाच धुऊन काढीन."

मी पाठीमागे त्यांना खुंटीबाई म्हणायला लागले. त्यांना कळलंच. "बरं आहे," म्हणाल्या, "सहज निघत नाही."

मग एका सुट्टीत शीतखोली बंद पडली. महिनोन्महिने खपून केलेलं प्रोटीन आत होतं. बाईंनी नळी उजेडात धरली, दुधाळ झालेली. मशीनवर तपासलं, सगळ्याचा गोळा. वरचे सर म्हणाले, "गाळा, गोठवा, पाठवा. नाही चाललं तर तिकडच्यांना वाटेल त्यांचंच काही चुकलं."

बाईंचे फक्त ओठ हलताना दिसले. मी जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं. "तिकडे एखादी पोरगी ह्यावर वर्षभर डोकं फोडेल. चांगलं औषध लागू पडत नाही म्हणून फेकून देईल. आणि आपण काय, हात पुसायचे?"

सर फोनवर बोलायला बाहेर गेले. बाई मला म्हणाल्या, "ब्लीचची बादली आण." मी आणली. त्यांनी एकेक नळी उघडून सगळं तिच्यात ओतलं.

सर परत आले. बादली बघितली. ओरडले, "ही कुणी आणली?"

मी तोंड उघडलं. माझ्या पगारावर घर चालतं, तरी उघडलं.

"मी आणली," बाई म्हणाल्या. "ती भांडी धूत होती. तिला काय कळतंय यातलं!"

संध्याकाळच्या आत बाईंना काढलं. सर अजून तिथेच आहेत. मीटिंगमध्ये समोसे खात शुद्धतेवर बोलतात आणि त्यांचा कप मी विसळते. विसळून तो आपटूनच ठेवते. बाईंचाही राग येतो. गावाचं नाव लपवलं तर खपवून न घेणारी बाई माझ्यासाठी सरळ खोटं बोलली, आणि वर मला काय कळतंय म्हणाली.

परवा बाईंना फोन लावून हे सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता मीही सोडते हे काम.

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कानावर दाबून धरला, दुसरा कान बोटाने बंद केला, तेव्हा कुठे बाई ऐकू आल्या.

"सोडून तर बघ."