बेटावर नेलेला डबा

आत्याला घरी आणायला मला पाठवलं, कारण मला इंग्रजी येत होतं. भिसेगावच्या आमच्या घरात हे कारण सगळ्यांना पटलं होतं. मला ते नीटसं कळलं नव्हतं, पण मला कुणी विचारलंही नाही.

आत्या वडिलांची धाकटी बहीण, सोळाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे परत आलेली. दोन महिन्यांपूर्वी ती शेजारणींबरोबर कोंडाण्याची लेणी बघायला गेली आणि तिकडेच राहिली. निरोप आला की उल्हास नदीतल्या बेटावर सिलोनचा एक बौद्ध साधू असतो, ती त्याच्या सेवेला राहिली आहे, झोपायला काठावरच्या ठाकरवाडीत एका म्हातारीकडे जाते.

"साधूशी नीट बोल," वडील म्हणाले. "पावसाळ्याआधी तिला पाठव म्हणावं. तो नाही म्हणाला तर मी स्वतः गाडी घेऊन जाईन आणि हाताला धरून आणीन."

साधूकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आईनं पितळी डब्यात दशम्या आणि गूळ दिला. "समोर खाली ठेव. त्याच्या हाताला हात लागू देऊ नकोस."

नदीकाठी बैलगाडी थांबली. ती वाडीवरची म्हातारीच मला पलीकडे न्यायला आली.

"चपला काढ गं. पानी गुडघ्याएवढं हाय."

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात बौद्ध देवळाचं चित्र होतं, मोठा घुमट आणि पायऱ्यांवर बसलेले भिक्षू. मी तेच शोधत होते. "देऊळ कुठं आहे?"

"ह्ये काय समोर! शाळंत शिकलीस ना गं तू?"

समोर एक कुडाची झोपडी होती. "तिथं काय करतात?"

"बसत्यात. ऐतवारी मुंबैची मानसं येत्यात, ती बी डोळं मिटून बसत्यात. मी बी घरात बसते, पन माझ्या पाया कोन पडत नाय." एवढं बोलून ती काठावर परत जाऊन बसली.

झोपडीत फळीवर वीतभर उंचीची बुद्धाची मूर्ती आणि पाण्याची वाटी. दाराबाहेर शेंदूर फासलेला दगड, तो वाडीचा देव. त्याच्यापुढे कोंबडीची पिसं पडली होती. मी नक्की कुठल्या देवळात आले होते, आणि नमस्कार कुणाला करायचा, ते मला कळेना. मी कुणालाच केला नाही.

साधू जांभळाखाली बसला होता. शेजारी उन्हात, जमिनीत एक काठी रोवलेली. आत्या कुठंच दिसत नव्हती. मी डबा त्याच्यापुढे ठेवला, झाकण काढलं आणि चार पावलं मागे सरले. तो हसला, पण डब्याला त्यानं हात लावला नाही.

इंग्रजीत मी म्हटलं, हे तुमच्यासाठी आहे. तो म्हणाला, तुझे आभार. मग वडिलांचा निरोप सांगितला. तो म्हणाला, तिला मी बोलावलं नाही आणि धरूनही ठेवलेलं नाही, तिलाच विचार. याला हो म्हणायचं की नाही, ते मला समजेना. डबा तसाच उघडा. दशम्यांवर मुंग्या चढायला लागल्या. त्याचं लक्ष काठीच्या सावलीकडे जात होतं, आणि मला वाटलं, आमच्या घरचं त्याला चालत नसेल.

सावली अगदी आखूड झाली, मग दुसऱ्या बाजूला कलली. तेव्हा झाडांमागून आत्या आली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं.

"अगं, तू होतीस! मी गाडी बघितली आणि वाटलं, दादाच आला. तिकडं लपून बसले." मग तिची नजर डब्यावर गेली. "खाली ठेवलास?"

"मग कुठं ठेवायचा?"

"त्याला द्यावं लागतं गं, कुणी तरी हातानं. तो हातरुमाल पसरतो, त्यावर ठेवायचं. दिल्याशिवाय तो उचलत नाही आणि मागतही नाही. दुपार कलल्यावर खातही नाही. आता उद्याच."

"म्हणजे आज उपाशी?"

"आज उपाशी. तुझ्यामुळं आणि माझ्यामुळं."

तिनं भाताचं पातेलं मुंग्यांपासून दूर सरकवलं. माझ्या बहिणीच्या लग्नात आत्यानं आठ दिवस लाडू वळले होते. पंगत बसली तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिच्या हातातून ताट मीच घेतलं होतं आणि बाहेर वाढायला नेलं होतं. तिनं पुढं यायचं नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"ये ना घरी," मी म्हटलं. पाठ केलेलं तेवढंच आठवलं.

"दादाला काय सांगशील?"

मी दशम्यांवरच्या मुंग्या झटकल्या. साधू डोळे मिटून बसला होता. पोटात भूक असताना तो आत काय बघत असेल, हेही मला कळलं नाही.

संध्याकाळी वडील ओसरीवर वाट बघत होते. "काय म्हणाला?"

"त्याचं इंग्रजी मला समजलं नाही."

"एवढी वर्षं शाळेत घातली ती कशाला?" ते चिडले. पण साधूनं नकार दिला असं काही मी म्हटलं नव्हतं, त्यामुळं त्यांनी गाडी जुंपायलाही सांगितलं नाही. मी खोटं का बोलले, ते मला धड सांगता आलं नसतं. मन मात्र त्या काठीच्या सावलीपाशी अडकलं होतं.

"डबा कुठंय?" आईनं विचारलं.

"तिथंच राहिला. पुढच्या मंगळवारी आणते," मी म्हटलं. "दशम्या जरा लवकर करून दे. दुपारच्या आत पोचायला हवं."