अर्ध्याचा एक इंच

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. चावीवाला रस्त्याकडेच्या खड्ड्यात वाकून हातभर लांबीची लोखंडी चावी फिरवतो आहे. चावी फिरली की जमिनीखालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गल्लीला पाऊण तास पाणी मिळतं. बायकोसुद्धा चारचौघांत त्याला ‘आमचे चावीवाले’ म्हणते.

गल्लीच्या शेवटच्या घरात त्याची थोरली बहीण राहते. ती एका इस्पितळाच्या चादरी धुऊन देते. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. हल्ली तिच्या नळाला करंगळीएवढीही धार नसते. इस्पितळाच्या मुकादमाने काल बजावलं होतं, की आज सकाळी चादरी तयार नसल्या तर काम दुसऱ्याला देणार.

सुरुवात झाली गल्लीच्या तोंडाशी. बर्फवाल्याने अर्ध्या इंचाचा पाइप काढून एक इंची घेतला. सगळ्यांनी हिशेब केला : अर्ध्याचा एक, म्हणजे दुप्पट पाणी. खड्डा चावीवाल्यानेच खणून दिला. त्यालाही दुप्पटच वाटलं होतं. व्यास दुप्पट झाला की पाइपाचं तोंड चौपट होतं आणि पाण्याला कडांची अडवणूकही कमी होते, हे पाणीपुरवठा ऑफिसातल्या साहेबांनी नंतर कागदावर गोल काढून दाखवलं. तोवर मधल्या घरांनीही एक इंची घेतले होते. खालची मुख्य लाइन मात्र होती तेवढीच राहिली.

“मंजुरी दिलीय, आता काढता येत नाही,” साहेब म्हणाले. “मोठी लाइन पडेल तेव्हा पडेल.”

आज चावी पूर्ण फिरवून चावीवाला बर्फवाल्याच्या दारात गेला. “शेठ, आजच्या दिवस कॉक बंद ठेवा. ताईचं काम जातंय.”

“ठेवतो की. पण ते पाणी तुझ्या ताईपर्यंत पोचू देतील का मधले?”

बर्फवाल्याने खरंच कॉक बंद केला. चावीवाला शेवटच्या घराकडे जवळजवळ पळतच गेला. ताई नळाखाली टब लावून बसली होती. नळ फुसफुसत होता.

“अरे, चावी तुझ्या हातात आणि बहीण कोरडी! अजून दोन आटे फिरव ना.”

“आटे संपले, ताई.”

“मग माझाही पाइप एक इंची कर. तू काय परका आहेस?”

“पाणी इथवर येतच नाही गं. मोठ्या पाइपातून नुसती हवा येईल.”

“हवाच दे मेल्या. चादरी वाळवायला तरी होईल.”

पाऊण तास संपत आला होता आणि पुढच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन खोळंबल्या होत्या. चावीवाल्याने जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

इस्पितळाची गाडी आली तेव्हा टब अर्धाही भरला नव्हता. मुकादमाने न धुतलेले गठ्ठे मोजून परत चढवले. “राग नका मानू, मावशी,” एवढंच म्हणाला.

उद्या सकाळी आठ वाजता ती गाडी बाजारामागच्या लॉन्ड्रीसमोर उभी राहील.