बुटांची हौस कोणाला होती

आमच्या अमरावतीच्या कॉलेजचा फुटबॉलचा कोणता संघ मोठा? युद्धाआधीचा आमचा अनवाणी संघ, की स्वातंत्र्यानंतरचा तो बुटांचा संघ? हे सांगायला मला जिथे बोलावले तिथे मी गेलो. स्नेहसंमेलनांत बोललो, जुन्या खेळाडूंच्या जेवणावळींत बोललो, चहाच्या हॉटेलात तर नको इतके बोललो. आणि दर वेळी एका सामन्यापाशी आलो की घसा खाकरून पुढच्या वर्षावर उडी मारली. ऐकणाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्याला हरलेले सांगवत नाही. हरलेले सांगायला मला कधीच लाज वाटली नाही. त्या हारीनंतर मी जे बोललो ते सांगवत नव्हते, म्हणून इतकी वर्षे टाळले.

महिन्यापूर्वी कॉलेजच्या स्मरणिकेसाठी दोन तरुण घरी आले. एक म्हणाला, "आजोबा, दोन्ही संघांची तुलना करून लिहा. आणि तो बूटवाल्याचा किस्सा नक्की टाका. लोक हसले पाहिजेत."

"कोणता किस्सा?" मी विचारले, जणू मला ठाऊक नव्हते.

"तो नाही का, माळ्याचा पोट्टा! फायनलच्या दिवशी बुटासाठी हटून बसला अन् रिकाम्या गोलासमोर घसरून पडला. आमच्या होस्टेलात अजून कोणी नवे कपडे घालून मिरवला की त्याले बूटवालाच म्हणतात."

दोघे हसले. हातातला कप भिंतीवर फेकून मारावा असे मला झाले. पण मारायचा कोणाला? ही पोरे तेव्हा जन्मलीही नव्हती. माझेच वाक्य ती मला माझ्याच घरात ऐकवत होती, आणि वर मीठमसाला लावून.

तर लिहितो. तुलनाही करतो आणि किस्साही टाकतो. स्मरणिकेने छापायचे की नाही ते तिने बघावे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते. राजधानी नागपूर, विद्यापीठ नागपूर, साहेब नागपूरचे. तिथल्या कॉलेजांचे संघ आम्हाला पाहून म्हणत, "आले कापूसवाले." या कापूसवाल्यांनी त्यांना लागोपाठ दोन वर्षे हरवले होते, तेही अनवाणी पायांनी. घोट्याला कापडी पट्टी, तळव्याला तेल, एवढाच आमचा सरंजाम. आम्ही चेंडू जमिनीवरून, छोट्या छोट्या पासांनी खेळवायचो. काळ्या मातीवर उंच मारलेला चेंडू कुठे पडेल आणि पडला की उसळेल की तिथेच बसेल, हे देवालाही सांगता येत नाही. जमिनीवरचा चेंडू मात्र आपला असतो.

कॅप्टन मी होतो. दर्यापूरकडच्या बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरातला, आवाज मोठा, सेंटर हाफला खेळणारा. खेळ मध्यम होता. हे आज लिहिताना काही तुटत नाही. तेव्हा कोणी म्हटले असते तर मी त्याची कॉलर धरली असती.

संघाचा खरा जीव डाव्या बाजूला होता. तो अकोल्याचा, माळ्याच्या घरचा. बाळापूरच्या रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा होता. लहानपणापासून त्याने वाफ्यांना पाणी दिलेले. पाणी देताना एक वाफा भरला की टाचेने माती सारून त्याचे तोंड बंद करायचे आणि त्याच पायाने पुढच्याचे उघडायचे, खाली न वाकता. तो चेंडूही तसाच वळवायचा. समोरचा हाफबॅक अंगावर आला की टाच अलगद फिरे आणि चेंडू दुसऱ्या वाटेने निघून गेलेला असे. आम्ही विचारायचो, "कसं केलं बे?" तो म्हणे, "पानी तोडलं फक्त."

तिसऱ्या वर्षी अंतिम सामना अकोल्याला होता, पोळा होऊन गेल्यावर, पाऊस जाता जाता. बक्षीस द्यायला मोठे साहेब येणार होते. प्रिन्सिपलांनी कुठूनतरी बुटांचे सात जोड मिळवले आणि आमच्या खेळाच्या प्राध्यापकांनी ते माझ्यापुढे ठेवून सांगितले, "मैदान बघ आणि तूच ठरव. घालायचे तर घाला, नाही तर राहू दे." तूच ठरव. निर्णय पूर्णपणे माझा होता. पुढे मी तो कोणाच्या अंगावर ढकलला हे आठवले की या वयातही कानशिले तापतात.

नागपूरच्या एका संघाचा फोटो मी पाहिला होता. अकराही जण बुटांत, हाताची घडी, मधे साहेब. मला तसा फोटो हवा होता. बस, एवढेच कारण. सात जोड मी सात जणांना वाटले, पाच फॉरवर्ड, एक फुलबॅक आणि मी.

सामन्याच्या सकाळी पाऊस पडला. ज्याने भर पावसाळ्यात वऱ्हाडात शेत ओलांडले आहे त्याला पुढचे सांगायची गरज नाही. काळी माती ओली झाली की जोड्याला धरते, दहा पावलांत जोडा दुप्पट होतो, वीस पावलांत उचलवत नाही. आमच्याकडे शेतात शिरण्याआधी पहिले काम कोणते, तर जोडे काढून हातात घेणे. हे शेंबड्या पोरालाही कळते. मला, शेतकऱ्याच्या मुलाला, त्या दिवशी कळले नाही. खोटे कशाला बोलू, कळले होते.

मैदानात उतरण्याआधी तो माझ्याजवळ आला.

"कॅप्टन, मी बूट काढतो."

"काहून?"

"ही माती बुटाले धरते. बोटाले नाई धरत. बोटं फाकवली का सोडून देते."

"साहेब येऊन बसले. चार जण आधीच अनवाणी आहेत, तेवढी शोभा पुरे झाली."

"साहेबाले बूट दाखवाचे हायेत का गोल पायजे?"

"जास्त शहाणपणा करू नको बे. घाल."

मध्यंतरापर्यंत नागपूरवाल्यांनी एक गोल चढवला. बूट त्यांच्याही पायांत होते, पण त्यांचा खेळ उंच, लांब किकांचा. त्यांना फार पळावे लागत नव्हते. आमचे फॉरवर्ड पायाला दगड बांधल्यासारखे चालत होते. मध्यंतरात लिंबू चोखत बसलो होतो तेव्हा पाहिले, तो खाली बसून नाड्या सोडत होता. मी त्याच्यापुढे गुडघा टेकला. त्याला वाटले मी मदत करतोय. त्याने पाय पुढे केला. मी त्या ओल्या नाड्या ओढून पुन्हा बांधल्या आणि दोन्ही बुटांवर दुहेरी गाठ मारली. "पुन्हा हात लावशील तर बाहेर बसवीन," मी म्हणालो. बाकीच्यांनी चिखल नखांनी कोरत माना खाली घातल्या.

शेवटच्या काही मिनिटांत त्यांचा गोलकीपर पुढे आला आणि चिखलात पडला. चेंडू डावीकडे सुटला. गोल रिकामा, समोर आमचा माणूस, अंतर असे की आंधळ्यानेही मारावा. त्याने उजवा पाय रोवला, डावा मागे घेतला, आणि रोवलेला पाय मातीच्या गोळ्यासकट सरकला. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. आम्ही एका गोलाने हरलो.

साहेबांच्या तंबूत प्रिन्सिपल लाल झाले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारले, "या मुलाला बुटात कोणी उतरवला? हा तर पायाचा जादूगार!"

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "त्यालाच हौस होती, सर. मी नको म्हणत होतो."

कोणीतरी मागून म्हणाले, "माळ्याच्या पोट्ट्याले बुटाची हौस!" तंबू हसला. साहेबांना भाषांतर करून सांगितले, तेही हसले. आमचे बाकीचे नऊ जण हसले. त्या नऊही जणांनी मध्यंतरात मला गाठ मारताना पाहिले होते. त्यांच्यावरचा राग माझा अजून गेलेला नाही, आणि तो धरायचा मला काय अधिकार, हेही कळते. मी खोटे बोललो. त्यांनी ते फुकट चालू दिले. तो माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, इतकेच.

तिसऱ्या दिवशी होस्टेलात माझ्या खोलीच्या दाराशी त्याचे बूट ठेवलेले होते. धुतलेले, सुकवलेले, तेल लावलेले. नाड्या माझ्याच गाठींत होत्या. गाठी सुटल्या नव्हत्या. त्याने पाय तसेच ओढून बाहेर काढले होते.

वर्गात, मेसमध्ये, वाचनालयात त्याला लोक "या, बूटवाले" म्हणू लागले. दोन-तीनदा माझ्यासमोर म्हणाले आणि मी दात काढले. दिवाळीच्या सुट्टीत तो अकोल्याला गेला तो परत आला नाही. बी. ए. व्हायला त्याला दीड वर्ष उरले होते. त्यांच्या घरातला तो पहिला शिकणारा.

आता दुसरा संघ. स्वातंत्र्य आले, पण आम्ही अजून नागपूरकडेच होतो. त्या दिवसांत कॉलेजने एक संघ उभा केला त्याने लागोपाठ चार वर्षे सगळ्यांना धुतले. अकराही जण बुटांत. त्यांचा दम आमच्यापेक्षा जास्त, गोलकीपर तर आमच्याहून कितीतरी चांगला. आमचा नुसता उंच होता. त्यांचे हेडर आम्हाला जमले नसते, शिवणीचा जड चेंडू डोक्यावर घ्यायला आम्ही भ्यायचो. आमचे हाफ त्यांच्यापेक्षा सरस होते, पास तर निश्चितच. कोरड्या मैदानावर त्यांनी आम्हाला दोन गोलांनी हरवले असते. ओल्या मैदानावर आम्ही जिंकलो असतो, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो.

तेही खोटे आहे. त्यांच्या कॅप्टनशी एकदा चहाच्या हॉटेलात माझा याच गोष्टीवरून वाद झाला. मी म्हणालो, "चिखलात तुमचे बूट अडकले असते, दादा."

"बूट?" तो म्हणाला. "पाऊस आला का आमी बूट काढून ठेवतो."

"हे कोणी शिकवलं?"

"अकोल्याले ग्राउंडच्या मागं एक माळीदादा हाय. आमी तिकडं खेळाले गेलो का त्याच्या मळ्यात पानी प्याले जातो. त्यानंच सांगतलं. म्हने, पान्यात बूट घालू नोका पोट्टेहो. अन् कॅप्टनले विचारू बी नोका." तो हसला. "अन् मी, यांचा कॅप्टन, त तिथंच उभा होतो!"

मी चहा तसाच टाकून उठलो. पुढच्या रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला गेलो.

मळा सापडायला वेळ लागला नाही. त्याचा भाऊ मोट हाकत होता आणि तो वाफ्यांत उभा राहून पाणी देत होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, टाच तशीच फिरत होती. मला पाहून थांबला नाही. पाणी सुटले की माणसाला थांबता येत नाही.

"या कॅप्टन," तो म्हणाला. "बूट काढून या, नाई त फसान."

मी नवे बूट घातले होते. बांधावरच उभा राहिलो. मधे चार वाफे होते.

"कसं येनं केलं?"

"इकडून जात होतो."

"इकडून कुठी? पुढं त मसनवटाच हाय." तो हसला. मोटेवरून भाऊही हसला.

"आमच्या पोरांना तू शिकवतोस म्हणे."

"मी काय शिकवतो? गाजरं खातात अन् बसतात बांधावर. चांगले खेळून राहिले पन."

बोलायला आलो होतो ते तोंडाशी आले, आणि त्याऐवजी मी काय विचारावे? "खरं सांग, आपला संघ मोठा का यांचा?"

त्याने एक वाफा बंद केला, पुढचा उघडला.

"यांचा."

"काहून?"

"यांचा कॅप्टन ऐकते."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. त्याने बांधापर्यंत येऊन मेथीची जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "नीट धुवाले सांगजा घरी, माती हाय." मग भावाने हाक मारली आणि तो पाण्याकडे वळला. मी स्टेशनावर येऊन गाडीत बसलो. ती मेथी मी घरी नेली नाही. डब्यात सोडून उतरलो. असला माणूस तुमच्या कॉलेजचा नामवंत माजी कॅप्टन आहे.

त्यानंतर मी कित्येकदा अकोल्याला गेलो, लग्नांना, कामांना, आणि बाळापूरच्या रस्त्याला एकदाही वळलो नाही. तो गेल्याचे मला दोन पावसाळ्यांनंतर कळले, तेही हॉटेलात, एकजण हसत म्हणाला, "तो बूटवाला गेला म्हणे," तेव्हा. मी त्याही वेळी गप्प बसलो.

तेव्हा स्मरणिकावाल्यांनो, हा तुमचा किस्सा. मोठा संघ दुसरा. आमच्या संघातला एकच मोठा माणूस होता आणि त्यांच्या संघातही तोच होता. हौस मला होती. त्याला चिकटवलेले ते 'बूटवाला' नाव होस्टेलातून काढून टाका. कोणाला लावायचेच असेल तर मला लावा.

त्या रविवारी अकोल्याला जाताना बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी एकच बोलणे मनात घोकत होतो. चार वाफ्यांपलीकडे ते कधी पोचले नाही. ते असे होते:

"गड्या, तू दोनदा बूट काढाले गेला होता. मीच काढू देल्ले नाईत. गाठी मी मारल्या, अन् साहेबासमोर खोटंही मीच बोललो. हौस तुले नव्हती, मले होती. माफ कर."