वरच्या खोलीचं सर्टिफिकेट

घराचा एक कागद कमी आहे, आणि तो मिळवण्याऐवजी विमा देऊन घर विकलं, तर व्यवहार प्रामाणिक झाला का? आमच्या टीम लीडच्या मते झाला. मला मात्र चार दिवस जेवण गेलं नाही.

मी चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये काम करते. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या घरांचे कागद आम्ही इथे तपासतो. सह्या तिकडचे वकील करतात. विकणारा पंजाबी असेल तर फोनही आम्हीच करतो.

ही फाईल सत्तरीतल्या एका सरदारजींची होती. घर विकून ते मोहालीला बहिणीकडे कायमचे परतणार होते. छपराखाली त्यांनी एक खोली काढली होती. परवानगीच्या रकान्यात ‘आहे’ असं लिहून सोबत कौन्सिलचं, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेचं, लॅमिनेट केलेलं पत्र जोडलं होतं.

पत्रात एवढंच होतं, की अशा खोलीला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. पत्र खरं होतं. पण खोली बांधता येते का हा एक प्रश्न, आणि ती नीट बांधली का हा वेगळाच. दुसऱ्याचं उत्तर कम्प्लिशन सर्टिफिकेट देतं. इन्स्पेक्टर येऊन तुळया, वायरिंग, आग लागल्यास बाहेर पडायची वाट बघतो आणि मग ते देतो.

मी फोन केला. “अंकल, इन्स्पेक्टर आया था?”

“ओ पुत्तर, लेटर है ना! बीस साल संभाल के रखा है. और मिस्त्री अपने पिंड का था, पक्का काम.” पिंड म्हणजे गाव.

मी जाहिरातीतले फोटो उघडले. वरच्या खोलीचा जिना थेट स्वयंपाकघरात उतरत होता. मध्ये दार नाही, दुसरी वाट नाही. आणि घेणाऱ्यांच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं, वरची खोली आमच्या दोन मुलींना देणार.

“इंडेम्निटी लगा, फाईल आगे भेज,” संधू सर, आमचे टीम लीड, म्हणाले.

इंडेम्निटी म्हणजे विमा. सर्टिफिकेट नाही म्हणून पुढे कौन्सिलने कारवाई केली, तर नुकसान विमा कंपनी भरते. अट एकच: कौन्सिलला आधी कुणी विचारलेलं नसावं. विचारलं, की पॉलिसी गेली. म्हणून या धंद्यात कुणी विचारतच नाही.

“सर, पॉलिसी से आग रुकेगी क्या?”

“इन्कलाबी मॅडम, हम बॅक ऑफिस हैं. फायर ब्रिगेड नहीं.”

“क्लायंट को दोनों रास्ते बताना तो हमारा काम है ना?”

ते खुर्ची फिरवत म्हणाले, “बता दे. डील टूटी तो तू जाने.”

कौन्सिलला मी परस्पर कळवू शकत नव्हते. तो हक्क अंकलचा. त्यांना दोन्ही वाटा सांगितल्या: विमा घ्या, किंवा कौन्सिलला अर्ज करून खोली आता तपासून घ्या आणि सर्टिफिकेट मिळवा. गिऱ्हाईक जाऊ शकतं, हेही.

“वहाँ मेरी पोती सोती थी, छह साल,” ते म्हणाले. मग आवाज चढला. “तब किसी ने क्यों नहीं बताया?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कौन्सिलला अर्ज करायला सांगितलं.

इन्स्पेक्टरने छताचा तुकडा उघडायला लावला. जिन्याभोवती भिंत, आग थोपवणारी दारं, धुराचे अलार्म असं सगळं करायला सांगितलं. घेणारे थांबले नाहीत. त्यांनी दुसरं घर घेतलं. अंकलचं परतणं लांबलं. त्यांच्या बहिणीने मोहालीहून ऑफिसात फोन केला. “तू ही है वो लड़की? मेरे भाई को लटका दिया!”

शेवटी काम झालं, सर्टिफिकेट आलं, घर दुसऱ्या कुटुंबाने घेतलं. अंकल आता मोहालीत आहेत. मला फोनवरून काढून स्कॅनिंगला बसवलंय.

परवानगी म्हणजे तपासणी नव्हे. आणि विमा या दोन्हींपैकी काहीच नाही.

चंदीगडशेजारच्या झिरकपूरला असो की सातासमुद्रापार, घर घेत असाल तर पैसे देण्याआधी हे सर्टिफिकेट मागा. आपल्याकडे त्याच्या जवळचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ‘मिल जाएगा जी’ असं उत्तर आलं, तर तारीख लेखी घ्या. आणि ती देत नसतील, तर सही करू नका.