दहावर संपणाऱ्या बारा मात्रा

परदेशात, नोव्हायला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी फ्लामेंको या स्पॅनिश नाचाच्या क्लासमध्ये गिटार वाजवायला लागले. तिथला गिटारवाला गाव सोडून गेला होता आणि माझ्या ऑफिसातल्या, तिथे नाच शिकणाऱ्या मैत्रिणीने परस्पर सांगून टाकलं होतं, "हिला येतं गिटार." मला येत होतं ते हिंदी गाण्यांपुरतं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या, ताठ कण्याच्या. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "ए मायनर, जी, एफ, ई. या चार कॉर्ड आणि बारा मात्रांचं चक्र."

कॉर्ड हाताला बसल्या. पण ईवर थांबलं की मला गाणं अर्धवट सुटल्यासारखं वाटे, आणि मी सवयीने पुन्हा ए मायनरवर जाई. बाई वैतागत. "संपलं होतं ना? मग दार परत का उघडलंस?"

त्याहून मोठा गोंधळ मात्रांचा. नवरा लहानपणी नागपूरला तबला शिकलेला. मी बारा म्हणताच तो खूश झाला. "अगं, हा तर आपला एकताल! एक म्हणजे सम. तिथे येऊन पोचायचं, बस." जेवणाच्या टेबलावर ठेका धरून त्याने माझ्याकडून ते घोटवून घेतलं. पुढच्या क्लासला मी मोठ्या ऐटीत समेवर आले. सगळ्या बायका केव्हाच थांबून माझ्याकडे बघत होत्या.

"दहावर बंद करायचं," बाई म्हणाल्या.

"मग अकरा आणि बारा?"

"ते असतातच."

"आणि सुरुवात एकपासून?"

"कधीकधी बारापासून. तू मोजू नकोस, माझे पाय बघ."

पाय बघितले की हात चुकायचा. हात बघितला की पाय कुठल्या कुठे गेलेले असायचे. नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "दहावर कोण संपवतं यार!"

वसंतात लायब्ररीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम झाला. बाई एकट्या नाचत होत्या, साथीला मी. मध्येच त्यांनी दाणकन पाय आपटला आणि गर्रकन वळून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी चुकले असं मला वाटलं. तारांवर तळवा ठेवून मी वाजवणंच थांबवलं. त्या शांततेत त्यांचे पाय एकटेच वाजत राहिले, आधी हळू, मग जोरात. लोक खूश होऊन ओरडायला लागले. पुन्हा तसाच पाय आला, तशीच नजर. मी घाबरत एफ वाजवला, मग ई, आणि आम्ही दोघी एकदम थांबलो. कितव्या मात्रेवर, देव जाणे.

पडद्यामागे बाईंनी मला मिठी मारली. "काय सुंदर जागा दिलीस मला!"

"मी घाबरून थांबले होते हो."

त्या हसल्या. त्यांना तो माझा विनय वाटला असावा. नवरा मागून आला. "बघ, बरोब्बर समेवर आलीस!"

पुढच्या क्लासला बाई म्हणाल्या, "परवासारखी थांब." मी थांबले. "लवकर झालं." पुन्हा थांबले. "आता उशीर." तिसऱ्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत, नाचत राहिल्या. ते जमलं म्हणून, की त्यांनी नाद सोडला म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. दर शनिवारी मात्र जाते.