फ्रेममध्ये माणूस नको

इथल्या सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा हसतेच. कारण आमचं घर बौद्ध, आणि तेही नुसतं नावाला नाही… बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं. भूत, आत्मा, श्राद्ध, पिंड यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. शेजारच्या काकू दाराला लिंबू-मिरची बांधायला लागल्या की मी त्यांना शास्त्र शिकवायला जायचे. आजही कुणी विचारलं तर भूत नसतं असंच सांगेन. पण आमच्या बाहेरच्या खोलीत आईचा एक फोटो लावलेला आहे, आणि तो पाहून पाहुणे जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून हे लिहितेय.

गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. आम्ही तेव्हा नगरला सावेडीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि रविवारचे फोटोग्राफर. किल्ले, वेशी, मकबरे, घाट… जिल्ह्यातला एक दगड त्यांनी सोडला नव्हता. त्यांचे दोन फोटो एका कॅलेंडरवर छापून आले होते, तेव्हापासून तर ते हवेतच असायचे. त्यांचा एक नियम होता — फ्रेममध्ये माणूस नको. माणूस आला की किल्ला म्हणजे जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा होतो, असं म्हणायचे. गुराखी, शाळेची सहल, कुणीही असो, ते निघून जाईपर्यंत अण्णा तासन् तास थांबायचे.

आई कायम सोबत. हौस म्हणून नाही, हमाल म्हणून. तिच्या खांद्याला बॅग, हातात डबा आणि काळी छत्री. लेन्सवर ऊन येऊ नये म्हणून ती अण्णांच्या मागे उभी राहून कॅमेऱ्यावर छत्री धरायची. छत्री हलली की अण्णा खेकसायचे. तिची सावली पुढे पडली की, "सुमन, बाजूला हो." हे "बाजूला हो" मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की आईचं आडनाव तेच असावं असं वाटायचं.

आणि आईला एकच हौस होती… आपला एक फोटो असावा. ती सोनईकडची, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. "वो, माझा बी एक काढा की," असं प्रत्येक ठिकाणी एकदा तरी म्हणायची. अण्णा लोकांसमोर हसून सांगायचे, "किल्ला चारशे वर्षं टिकलाय, त्याच्यापुढं तुझं तोंड आणून त्याला कशाला त्रास?" लोक हसायचे. आईही हसायची. मला ते हसणं अजून आठवतं, आणि अण्णांचा राग येतो तो अजून तसाच येतो.

त्या रविवारी आम्ही मांजरसुंब्याच्या गडावर गेलो. तिघं एका स्कूटरवर, वांबोरी रस्त्याने. मी कॉलेजात होते, सुट्टी होती म्हणून गेले. आईने डाळिंबी साडी नेसली होती, लग्नकार्यालाच काढायची ती. निघताना ब्लाऊजची पाठ उसवलेली दिसली. बदल म्हटलं तर ऐकेना. डाळिंबी दोरा सापडेना, शेवटी मी हिरव्या दोऱ्यानेच चार टाके मारून दिले. ती म्हणाली, "पाठीवर हाय नव्हं? फोटूत कुठं दिसतंय." तेव्हा कळलं, तिला आज फोटो काढून घ्यायचाच होता.

अण्णांनी कबूलही केलं होतं. "रोलमधली शेवटची फ्रेम तुझी." दिवसभर ती छत्री धरून मागे उभी होती. मी तिच्या शेजारीच होते, हे मुद्दाम सांगतेय. एकदाही ती पुढे गेली नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा अण्णा म्हणाले, "चल, हो उभी." तिने पाण्याचा हात केसांवरून फिरवला, पदर खोचला, छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि दरवाजाच्या कमानीखाली जाऊन उभी राहिली. नववधूसारखी लाजत होती. तेवढ्यात कमानीतून पिवळं ऊन आत आलं, सगळा दगड उजळला. अण्णा कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "थांब, थांब. उजेड बघ कसला आलाय… सुमन, बाजूला हो."

ती बाजूला झाली. क्लिक. "संपला रोल," अण्णा म्हणाले.

"असू द्या," आई म्हणाली आणि छत्री उचलली. परतीच्या वाटेवर पाठ दुखतेय एवढंच बोलली. मी अण्णांशी भांडले, तर म्हणाले पुढच्या रविवारी काढू, ती काय पळून चाललीये का.

पुढचा रविवार तिला मिळालाच नाही. त्याच आठवड्यात दुपारी भाकरी करता करता ती ओट्यापाशी खाली बसली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. तव्यावरची भाकरी करपली होती, तो वास घरातून जायला फार दिवस लागले.

आमच्यात पुण्यानुमोदनाला टेबलावर पांढरं कापड घालून, बुद्धमूर्तीच्या खालच्या बाजूला, गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. मेणबत्त्या लावतात, आलेले लोक फुलं वाहतात. फोटोच नव्हता. आईवडिलांचं लग्न खेड्यात झालेलं, तेव्हा कसला कॅमेरा. मतदानाची ओळखपत्रंही तेव्हा आली नव्हती. काकांच्या लग्नातला ग्रुप फोटो होता, पण त्या वेळी आई स्वयंपाकाकडे होती. घरात किल्ल्यांच्या फोटोंच्या ट्रंका भरलेल्या, आणि जिने ते ओझं वाहिलं तिचा अंगठ्याएवढा चेहरा नाही! सोनईहून मावशी आली होती. ती सगळ्यांसमोर अण्णांना म्हणाली, "समदं जग टिपलंत दाजी, अन् माझी बहीन तेवढी तुमाला घावली न्हाई व्हय?"

अण्णा उठले आणि मांजरसुंब्याचा रोल घेऊन निघाले. एखाद्या कोपऱ्यात चुकून तरी आली असेल, अशी आशा. मीही सोबत गेले. स्टुडिओतले चाचा आमच्या ओळखीचे. आम्ही घ्यायला गेलो तर पाकीट हातात देताना म्हणाले, "साहेब, तुम्ही तर माणूस कधी घेत नाही. ह्या बाई कोण?"

पाकीट मी उघडलं.

प्रत्येक फोटोत आई होती. कोपऱ्यात नाही, मधोमध. बुरुजाच्या फोटोत बुरुजावर, तटाच्या फोटोत तटाला लागून, पाण्याच्या टाक्याशी टाक्याच्या काठावर. डाळिंबी साडी, हातात मिटलेली काळी छत्री. आणि प्रत्येक फोटोत पाठमोरी. शेवटचा फोटो कमानीचा, त्या पिवळ्या उन्हाचा. त्यात ती सगळ्यात जवळ होती. अंबाडा दिसत होता, मान दिसत होती… आणि ब्लाऊजच्या पाठीवर माझे हिरवे टाके. अण्णांनी तिथल्या तिथे निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. त्यातही होती.

चाचा म्हणाले, एकावर एक फोटो पडला असेल. पण अण्णांच्या कॅमेऱ्यात रोल पुढे सरकल्याशिवाय बटणच दाबलं जायचं नाही. आणि एकावर एक पडायला आधी तिचा एक तरी फोटो कुणी काढायला हवा होता ना?

घरी मावशीने फोटो हातात घेतला, जरा वेळ पाहिला. "आक्काच हाय. पदर असाच खोचायची." अण्णा म्हणाले, "पण तोंड का नाही दाखवलं तिनं?" मावशीने फोटो त्यांच्यापुढे ठेवला. "तुमी कवा बघितलं हुतं?"

टेबलावर शेवटी तोच कमानीचा फोटो मोठा करून ठेवला. लोक येऊन पाठीला फुलं वाहून गेले. एक-दोघांनी फ्रेम उलटी करून पाहिली.

त्यानंतर अण्णांचं जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. दर रविवारी किल्ला. खर्डा, पेडगाव, हरिश्चंद्रगड, रतनगड… सगळीकडे पुन्हा. रोल धुऊन आला की ती असायचीच. त्याच साडीत, पाठमोरी, पण प्रत्येक रोलमध्ये थोडी लांब. डोळ्यांना काही दिसायचं नाही, फक्त फोटोत यायची. अण्णा मोकळ्या तटाकडे बघून ओरडायचे, "सुमन, वळ जरा. एकदाच वळ." सहलीची पोरं फिदीफिदी हसायची, त्यांच्या बाई त्यांना ओढून लांब न्यायच्या. मी एकदा कॅमेरा हिसकावून त्याच जागेवरून फोटो काढले. त्यात नुसते दगड आले. ती फक्त त्यांनाच यायची, आणि पाठ दाखवायलाच यायची. माझी आई मुंगीला दुखवत नसे. ही कोण बाई होती जी त्यांना असं किल्ल्या-किल्ल्यांवरून फरफटवत होती, हे मला कळेना. आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. मला ते बघून बरं वाटायचं.

दोनेक वर्षांनी ती फोटोत डाळिंबाच्या दाण्याएवढी उरली होती. अण्णा भिंग घेऊन शोधायचे. रिटायर झाले, वाळले, तेव्हा म्हणाले मांजरसुंब्याला एकदा ने. मी माझ्या स्कूटीवर नेलं. त्यांनी अख्खा रोल त्या कमानीवर घातला.

तो रोल घ्यायला गेलो तेव्हा चाचा खूश होते. "साहेब, क्या साफ फोटो आलाय. असा तुमच्या हातून कधी उतरला नव्हता." खरंच होतं ते. पिवळं ऊन, उजळलेला दगड, कमान. एकाही फ्रेममध्ये माणूस नाही. अण्णांना आयुष्यभर हवा होता तसा फोटो. ते दुकानाच्या पायरीवर बसले, पुन्हा पुन्हा सगळे फोटो पाहिले आणि भर कापड बाजारात मोठ्याने रडले. "बाजूला झाली," एवढंच म्हणत होते.

त्यानंतर ती कुठल्याच फोटोत आली नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. दोन जाणकारांना दाखवल्या. एक म्हणाला फिल्म खराब, दुसऱ्याने चहा पाजून वाटेला लावलं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा. मी आजवर मानत नव्हते, आजही मानत नाही, आणि तरी हे असं झालं.

एक राहिलं. अण्णा जायच्या आधी काही दिवस, सकाळी मी खिडकीपाशी भाजी निवडत बसले होते. त्यांनी ट्रंकेतून कॅमेरा काढला, कधी रोल भरला होता कोण जाणे. कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "हलू नको पोरी. उजेड छान आलाय. तुझा एक काढतो."

मी भाजीची परात उचलली आणि बाजूला झाले.