शेवग्याच्या शेंगा आणि बाबांची रायफल

मी लेखक नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रयोगवहीपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नसल्यामुळे 'लिहू का?' असं विचारायलाही कोणी नव्हतं. तेव्हा या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो. हसू आलं तर हसा. आमच्या घरी अजून कोणी हसलेलं नाही.

तर, माझ्या मायनं बाबांच्या रायफलीनं शेवग्याच्या शेंगा तोडल्या.

यात तिचं फार चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाबा कोहमाऱ्याजवळच्या एका बँकेच्या दारावर गनमॅन. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीची अट अशी की गनमॅननं स्वतःची, परवान्याची बंदूक घेऊन यायचं. आमची रायफल आज्यानं रानडुकरांपासून धान राखायला घेतली होती, आणि तेव्हाच ती म्हातारी होती! पुढं परवाना बाबांच्या नावावर झाला आणि रायफलीला बँकेत नोकरी लागली. (होय, रायफलीलाच. बाबा तिला धरायला जात.) इतक्या वर्षांत तिच्यातून एक गोळी उडाली नाही, पण तिच्यावर आमचं घर चाललं आणि माझं कॉलेजही.

पूर्वी ती भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली टांगलेली असे. मायला ते पटेना. "बुद्धाखाली बंदूक शोभते का जी?" म्हणून तिनं ती मागच्या दाराशी, खराटा आणि शेंगा तोडायच्या आकडीशेजारी उभी केली. त्या रविवारी आकडी शेजारणीनं नेलेली होती. मायनं कोपऱ्यात पाहिलं. रायफलही लांब, आणि तिच्या टोकालाही काहीतरी अडकवण्याजोगं! ते अडकवण्याजोगं म्हणजे माशी. नळीच्या टोकावरचा तो लोखंडी तुकडा, ज्यावरून नेम धरतात. मायनं ती देठात अडकवली आणि ओढली.

शेंगा खाली आल्या. माशी कुठं गेली ते कोणी पाहिलं नाही.

बाबा आंघोळीवरून टॉवेलवरच धावत आले. "काय केलंस व हे?"

"शेंगा तोडल्या. काऊन?"

"बंदुकीनं?"

"गोळी थोडीच झाडली! टोकानं तं वढल्या."

"माशी कोठी गेली हिची? उद्या एजन्सीचा साहेब येऊन राहिला तपासाले! ज्याची बंदूक तुटकी, त्याची ड्यूटी त्याच दिवशी बंद!"

मायच्या हातातल्या शेंगा गळून पडल्या. उद्या बाबांची नोकरी राहते की जाते, ते आता एका बोटाच्या पेराएवढ्या लोखंडावर होतं, आणि ते लोखंड आमच्या परसात कुठंतरी पडलं होतं.

आम्ही परसातली माती तांदळासारखी निवडली. शेणाचा ढीग उकरला. शेवटी संशय लाल कोंबडीवर गेला. ती शेवग्याखालीच टोचे मारत होती आणि (बाबांच्या मते) आमच्याकडे बघायचं टाळत होती.

"अंड्यावरची कोंबडी हाये जी!" माय म्हणाली.

"नोकरी मोठी का कोंबडी?"

कोंबडी गेली. पोटात चार खडे आणि माझ्या शर्टाचं हरवलेलं बटन निघालं. माशी नाही. त्या दुपारी आमच्या घरी कोंबडी आणि शेवग्याच्या शेंगा असा थाटाचा बेत होता. कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

जेवण झाल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "तू शिकला ना बे? मंग कर काहीतरी."

मी नागपूरच्या एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ठेवून जा, महिन्यानं या." मग रायफल चादरीत गुंडाळून कोहमाऱ्याच्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्यानं चादर थोडीशी उचलली आणि लगेच झाकली. "भैया, ट्रक लाओ, ट्रॅक्टर लाओ. इसको हाथ लगाया तो पुलिस मेरेकोच वेल्डिंग करेगी!"

राहता राहिलं माझं विज्ञान. बारावीत मिळालेलं पितळी पदक मी घरी येऊन बाहेर काढलं. बापाच्या नोकरीसाठी एवढा त्याग करायला हवाच, असं मनाशी म्हणून कानशीनं घासायला लागलो, तर सोनेरी रंग निघून आत टिनाचा पत्रा! चिमटीत धरला तर वाकला. गुणगौरव तो एवढाच होता.

मग मला मागच्या दाराच्या खिळ्याला लटकलेली एक जुनी किल्ली दिसली. गंजकी, जाड, अस्सल लोखंडाची. जवळपास कुलूप नव्हतं, म्हणजे ती बेवारस, असा मी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. तिचा दात कापला, घासला, दोऱ्यानं नळीचा मध्य काढला आणि एमसीलनं तो दात टोकावर बसवला. वरून बूटपॉलिश! बाबांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"सरळ हाये," ते म्हणाले. मग मायकडे वळून, "पाहून घे. याले म्हन्तेत शिक्षन."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला चांगलं म्हटलं. मी ते खरं मानलं.

सोमवारी मीही बँकेवर गेलो. (वेळ पडली तर तांत्रिक माहिती द्यायला!) साहेब आले. त्यांनी रायफल उलटीपालटी केली, माशीपाशी थांबले, नखानं खरवडून पाहिलं.

"ही नवी बसवली काय?"

मी पुढं झालो आणि नेमाची रेषा, नळीचा मध्य, माशीची उंची, सगळं सांगून टाकलं. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "पोरगा हुशार आहे हो तुमचा! बरं, काडतुसं दाखवा."

बाबांनी दाराआडची लोखंडी पेटी ओढली. तिला भलंमोठं कुलूप होतं. त्यांनी शर्टाचा खिसा पाहिला, पँटचा पाहिला. मग माझ्याकडे वळले. "काऊन बे, मागच्या खिळ्याची किल्ली कोठी हाये?"

माझी नजर नकळत नळीच्या टोकाकडे गेली. बाबांची नजर माझ्या नजरेमागं गेली. साहेबांची आमच्या दोघांच्या मागं.

"साहेब," मी म्हणालो, "ती... पुढं लावली आहे."

साहेब हसले. आधी नाकातल्या नाकात, मग भिंतीला हात टेकून. कॅशियर बाहेर आला, त्याला सांगून पुन्हा हसले. पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या रांग सोडून माशी बघायला आल्या. बाबा ताठ उभे होते, इतक्या वर्षांत उभे राहिले तसेच. मी रस्त्यावरून दगड आणला आणि कुलूप फोडलं. आत काडतुसं होती, हिरवी पडलेली, पण होती.

"चलेगा," साहेब डोळे पुसत म्हणाले. "काय शिकतोस रे?"

"बी.एस्सी. फायनल, सर."

"नंबर दे तुझा."

परत येताना मोटारसायकलवर बाबा म्हणाले, "तू नसता आला तं आज गेली असती नोकरी." घरी मायनं ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गावाला. मी काही दिवस गावातून जरा छाती काढूनच फिरलो.

नंतर एक दिवस कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना फोन आला. एजन्सीतला माणूस होता.

"बँकेत कॅमेरे लागले. पहिल्या तारखेपासून बंदूकवाले बंद. एक काठीवाला ठेवायचा आहे, पण शिकलेला पाहिजे. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर बघायला. साहेबांनी स्वतः तुझं नाव दिलं. म्हणाले, तो किल्लीवाला पोरगाच घ्या. बंदूक आणू नको, काठी इथं मिळेल."

"आणि बाबा?"

"त्यांना अजून कळवलं नाही. तूच सांग ना, घरचाच तर आहेस."

शिक्षण वाया जात नाही म्हणतात, ते खरं आहे. मला नोकरी लागली. बाबांची.